पेडलला पाय लावण्याआधी...

गॅदरिंगचं बजेट मांडताना दर वर्षी एक ओळ ठरलेली असते: 'साऊंड ऑपरेटर, बाहेरचा'. का? तर जिमखान्याच्या कपाटातला मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर आणि त्याचा फूट कंट्रोलर 'मुलं बिघडवतील'! माझं म्हणणं सरळ आहे. ते मशीन सेट करणं हे आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलांचंच काम आहे, आणि ते आपल्याला करू दिलं पाहिजे. (मी कॉन्व्हेंटवाला. त्यामुळे मेसच्या टेबलवर जी मराठी बोलतो, तीच इथे लिहितोय. शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्यावं.)

आधी एक गैरसमज दूर करू. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जाते ती फक्त सूचना: 'बारा नंबरचा साऊंड लाव', 'व्हॉल्यूम ९० वर ने'. मेसवाल्या काकांना पाठवलेल्या चिठ्ठीतून पोळी येत नाही, पोळी किचनमध्येच होते. तसंच हे!

आणि ही चिठ्ठी जाते कशी? पाच पिनांच्या डिन कनेक्टरमधून, सिरियल पद्धतीने, सेकंदाला ३१,२५० बिट्स या वेगाने. एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट्स, एक स्टॉप बिट. ओळखीचं वाटतंय ना? वाटलंच पाहिजे, मायक्रोकंट्रोलरच्या पेपरला यूएआरटी हेच असतं. १ मेगाहर्ट्झला ३२ ने भागा, बरोबर ३१,२५० येतात. म्हणजे एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद, आणि पेडलच्या तीन बाइटच्या मेसेजला एक मिलिसेकंदही लागत नाही. जर्नलमध्ये आपण हे गणित एकमेकांचं बघून उतरवतो. कपाटातल्या मशीनवर ते कानाने ऐकता आलं असतं!

आता मुख्य मुद्दा, सेटिंगचा. अडचणी येतात त्या अगदी साध्या ठिकाणी. पहिली, चॅनल. मिडीचे सोळा चॅनल आहेत. कंट्रोलर एकावर आणि प्रोसेसर दोनवर असेल, तर कितीही पाय आपटा, काही होत नाही. दुसरी, नंबर. केबलमधून प्रोग्रॅम ० ते १२७ असे जातात, पण कुठलं मशीन डिस्प्लेवर ० पासून मोजतं, कुठलं १ पासून. मग आपण बारा मागतो आणि तेरा वाजतो, तोही ऐन सोलोच्या वेळी! तिसरी, फूटस्विच. दाबून ठेवेपर्यंतच चालू राहणारा वेगळा, आणि एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद होणारा वेगळा. आपला स्विच कोणता, हे प्रोसेसरला सांगावं लागतं.

सगळ्यात मजेदार म्हणजे एक्स्प्रेशन पेडल. आत नुसतं एक पोटेंशिओमीटर असतं. पण जॅकच्या टिपला काय जोडायचं आणि रिंगला काय, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. त्यामुळे एकाचं पेडल दुसऱ्याच्या प्रोसेसरला लावलं की नीट सरकतच नाही, आणि आपण म्हणतो 'पेडल गेलं'. गेलेलं काही नसतं, वायरिंग जुळत नसतं. ते जुळलं की कॅलिब्रेशन करायचं: टाच पूर्ण खाली, मग पंजा पूर्ण खाली. त्यानंतर ठरवायचं की पेडल कशाला लावायचं. कंट्रोल नंबर ७ व्हॉल्यूमचा, ११ एक्स्प्रेशनचा. आणि किमान मूल्य ० च ठेवायला हवं असं कुठे आहे? ते वर ठेवलं, तर टाच टेकली तरी गिटार गप्प होत नाही, फक्त गाणाऱ्याच्या मागे जाते. हा निर्णय बाहेरचा ऑपरेटर कसा घेणार? गाणं आपलं, प्रॅक्टिस आपली!

'मुलं बिघडवतील' याचंही उत्तर द्यायला हवं. मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, दोन मशीन्सचा एकमेकांशी थेट विद्युत संबंधच येत नाही. सेटिंग कितीही विस्कटलं तरी फॅक्टरी रीसेट आहे, आणि सिस्टिम एक्सक्लुझिव्ह मेसेजने सगळं सेटिंग कॉम्प्युटरवर उतरवून ठेवता येतं. खरा धोका चुकीच्या ॲडॅप्टरचा. मागे एक ॲडॅप्टर हरवला होता, ही सरांची तक्रार मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणजे ॲडॅप्टरला लेबल लावून तो मशीनलाच बांधून ठेवणं. कपाटाला कुलूप नव्हे.

पण सगळा दोष स्टाफवर ढकलून चालणार नाही. हॉस्टेलमध्ये दर दोन-तीन वर्षांनी एखादा सीनियर असतो, त्याला हे सगळं येतं. तो काही लिहून ठेवत नाही, आपणही विचारत नाही. तो पास आऊट होतो, त्याच्याबरोबर सगळी माहितीही पास आऊट होते! मशीन तेवढं कपाटात राहतं.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत नॅमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. या दोन कंपन्या बाजारात एकमेकींच्या स्पर्धक! तरीही डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी भाषा सर्वांसाठी एकच असावी असा आग्रह धरला; २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. स्पर्धक एकमेकांसाठी दार उघडतात, आणि आपण आपल्याच मुलांसाठी कुलूप लावतो?

म्हणून मागण्या तीनच. आठवड्यातून एक संध्याकाळ सही करून मशीन बाहेर मिळावं. चॅनल, प्रोग्रॅम आणि पेडलच्या सेटिंगची एक वही त्याच्यासोबतच राहावी, आणि जो हात लावेल त्याने तीत लिहावं. आणि या गॅदरिंगला एक तरी गाणं आपल्या सेटिंगवर वाजू द्यावं. सर, बाहेरच्या ऑपरेटरला हवं तर शेजारी बसवा. फक्त पेडलवर पाय आमचा असू द्या!