जुनी व्हॅन घेताना ॲव्हरेज कोणाचे मानायचे?

आठवडे बाजार करणारे कटलरीवाले, बेकरीचा माल पोहोचवणारे, गाद्या-फर्निचरचे कारागीर, यांच्या दारात आजही मारुतीची व्हॅन उभी दिसते. 1984 साली आलेली ही गाडी पुढे ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आता मिळेल ती जुनीच. आमचे व्यापारी बांधव दलालाला विचारतात, "मॉडेल कुठले? ॲव्हरेज किती?" तो छातीवर हात ठेवून आकडा सांगतो आणि सौदा होतो. ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

सालाने फरक पडतो, नाही असे नाही. सुरुवातीच्या गाड्यांना कार्बोरेटर होता. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे इंजेक्शन आले. इंजेक्शन पेट्रोल मोजून सोडते, कार्बोरेटरचे सारे मिस्त्रीच्या हातावर. पण इंजिन शेवटपर्यंत तेच, 796 सीसी, तीन सिलिंडरचे, आणि गिअर चारच. कॉम्प्रेशन गेलेली नवी गाडी नीट राखलेल्या जुन्या गाडीपेक्षा जास्त पिते. साल कागदावर दिसते, झीज दिसत नाही.

समजा महिन्याला 1,540 किलोमीटर फिरणे आहे. लिटरला 14 मिळाले तर 110 लिटर लागेल, 11 मिळाले तर 140. लिटर 100 रुपयांचा धरला तरी 3,000 रुपये गेले. बांगड्यांच्या किंवा बेकरीच्या धंद्यात एवढी रक्कम सुटायला किती गिऱ्हाइके करावी लागतात, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!

त्यात पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही. 2025 मध्ये त्यातील इथेनॉल 20 टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी, म्हणून ठणठणीत गाडीचाही आकडा थोडा घसरतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, ते आधी तपासून घ्यावेत.

गॅसच्या गाडीचा हिशोब वेगळा. एलपीजी लिटरमागे कमीच चालते, ते परवडते भावामुळे. सीएनजी किलोवर मिळतो. किलोचा आकडा लिटरच्या आकड्याशेजारी ठेवून खूश होऊ नये. इको गाडीच्या 2022 च्या मॉडेलला कंपनीने पेट्रोलवर 19.71 आणि सीएनजीवर किलोला 26.78 किलोमीटर सांगितले, पण किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलपेक्षा शक्तीच जास्त असते. तुलना रुपयामागे किती किलोमीटर, अशी करावी. शिवाय हे आकडे चाचणीतले आहेत, टपावर कॅरिअर आणि आत माल भरून काढलेले नव्हेत. आणि घरगुती सिलिंडर गाडीला जोडणाऱ्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे, तो गुन्हा तर आहेच, पण मागच्या सीटवर तुमचीच मुले बसतात.

मग ॲव्हरेज पाहायचे कसे? टाकी पूर्ण भरून घ्यावी, मीटरचा आकडा लिहावा, नेहमीच्या रस्त्याने नेहमीचा माल घालून दोन-तीनशे किलोमीटर चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. मीटरच बंद असेल तर विक्रेत्याने आधी तो दुरुस्त करून द्यावा. एवढ्याला तो तयार नसेल, तर बयाणा देऊ नये.