जिथला खर्च, तिथले चलन

हिऱ्यांचे भाव डॉलरमध्ये बोलले जातात. म्हणून अँटवर्पला निघालेला व्यापारी प्रीपेड कार्डातही बहुधा डॉलरच भरतो. मात्र बेल्जियममध्ये हॉटेल, टॅक्सी व भोजन यांचे पैसे युरोत द्यावे लागतात. परिणामी प्रत्येक खर्चाच्या वेळी डॉलरचे युरोत रूपांतर होते आणि बहुतेक कार्डांवर त्याचे निराळे शुल्क कापले जाते. कार्ड भरल्या दिवशीचा दर कायम राहतो हे खरे. परंतु तो केवळ भरलेल्या चलनापुरताच.

दुसरी गळती दुकानातील यंत्रावर होते. रक्कम रुपयांत द्यायची की युरोत, असे ते विचारते. परिचयाचे म्हणून रुपये निवडले, की महागडा दर लागतो आणि युरोचे रुपये व रुपयांचे पुन्हा युरो असे दुहेरी रूपांतर घडते. तेथे युरो निवडणेच हितावह.

हॉटेले अनामतीपोटी कार्डावरील काही रक्कम रोखून धरतात आणि ती मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात. त्यासाठी वेगळे क्रेडिट कार्ड जवळ असावे. परतल्यावर उरलेल्या शिलकेचा निकाल १८० दिवसांच्या आत लावावा.

पेढीवर पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने परदेशी निघण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी: खर्च कोणत्या चलनात होणार आहे?