कोणतं चांदूर?

अमरावतीच्या बसस्थानकावर कुणी नुसतं ‘चांदूर’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कोनतं? रेल्वे का बाजार?’ जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांत चांदूर दोन आहेत आणि नावापुढे ‘रेल्वे’ लावणारेही दोन, चांदूर आणि धामणगाव. कंडक्टरला हे पाठ असतं. संगणकाला हा प्रश्न विचारायला शिकवावं लागतं, आणि सरकारी याद्या जुळवताना नेमकं तेच राहून जातं.

पायथन या संगणकभाषेत एखादं नाव यादीत आहे का, हे ‘इन’ या एका शब्दात विचारता येतं. पण यादीतली नावं वेगवेगळी न ठेवता एका लांब ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिली असतील, तर हाच शब्द त्या ओळीत अक्षरं शोधतो. ‘चांदूर’ विचारलं की ‘चांदूर बाजार’मधली अक्षरं सापडतात आणि उत्तर येतं, ‘आहे’. चांदूर रेल्वेच्या माणसाचं काम बाजारच्या खात्यावर जातं. नावं सुटी ठेवली, तर तोच शब्द पूर्ण नाव ताडून पाहतो.

खोट्या ‘आहे’पेक्षा खोटं ‘नाही’ जास्त छळतं. नावामागे एक मोकळी जागा राहिली, ‘चांदूर’चं ‘चांदुर’ झालं, गट क्रमांक एकीकडे मराठी आणि दुसरीकडे इंग्रजी अंकांत पडला, की झालं. खुद्द ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्यातला अर्धा र कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’पासून घडवतो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यंत्राच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द.

याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली आहे. २०१७च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ होणार होतं. अर्ज ऑनलाइन भरले गेले, पण अर्जातली आणि बँकांकडची माहिती जुळेना. पात्र शेतकऱ्यांच्या ‘ग्रीन लिस्ट’मध्ये नाव आलं का, एवढ्यासाठी माणसं बँकेत खेटे घालत राहिली. पुढच्या, महात्मा जोतिराव फुले योजनेनं त्यातून धडा घेतला. २४ फेब्रुवारी २०२०ला ६८ गावांची पहिली यादी लागली, तेव्हा प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक होता. आधार जुळलं नाही किंवा रक्कम मान्य नसली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागता येत होती.

हीच रीत प्रत्येक यादीला लागू व्हायला हवी. पीकविम्याच्या, अनुदानाच्या, मतदारांच्याही. यंत्र ‘नाही’ म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की दिलेली अक्षरं जशीच्या तशी सापडली नाहीत. म्हणून गावाची ओळख नावावर न ठेवता शासनाच्या ग्राम संकेतांकावर ठेवावी, आणि तुलनेआधी मोकळ्या जागा, अंक, जोडाक्षरं एकसारखी करून घ्यावीत. एवढं करूनही जो जुळत नाही, त्याचा अर्ज फेटाळण्याआधी त्याच्याशी मिळतीजुळती नावं तलाठ्यासमोर यावीत. ‘कोणतं चांदूर’ हे तिथे विचारलं गेलं, तर शेतकऱ्याचा अमरावतीचा एक हेलपाटा वाचेल.