धाबं कोणाचं, वीज कोणाची?

मंडळाच्या मागच्या बैठकीत विषय निघाला लाईटबिलाचा आणि वाद जाऊन पोहोचला थेट अणुभट्टीपर्यंत. आपल्या तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की सूर्य फुकट आहे, सगळा देश सोलरवर चालवा आणि काकरापारला कुलूप लावा. त्यावर डाईंगमध्ये तीस वर्षे काढलेल्या एका ज्येष्ठ सभासदाने एकच प्रश्न विचारला, "मग रातपाळीला माझं मशीन काय कंदिलावर चालवू?" हशा पिकला, चहा आला आणि विषय तिथेच राहिला. पण तो विषय तिथे सोडण्यासारखा नाही. पांडेसऱ्यात राहणाऱ्या खान्देशी माणसाइतका या वादाशी जवळचा संबंध फार थोड्या लोकांचा असेल. अणुवीज केंद्र आपल्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सोलरसाठी जमीन गेली ती आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याची. आणि घरावरच्या सोलरची सवलत आपल्याला मिळत नाही, कारण ज्या छताखाली आपण झोपतो ते छत आपले नाही.

आधी काकरापार. आपल्या भुसावळजवळून वाहत येणारी तापीच तिथल्या भट्ट्या थंड ठेवते. व्यारा तालुक्यातल्या या केंद्राचे पहिले दोन संच २२० मेगावॅटचे, १९९३ आणि १९९५ सालचे. नंतरचे दोन ७०० मेगावॅटचे, पूर्णपणे भारतीय बनावटीचे. तिसरा संच जून २०२३ मध्ये आणि चौथा मार्च २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. याचा अभिमान वाटायलाच हवा, मलाही वाटतो. फक्त एवढे लक्षात ठेवा की तिसरा संच २०१५ पर्यंत सुरू व्हायचा होता. आठ वर्षे उशीर झाला. अणुऊर्जेत उशीर हा अपवाद नाही, जवळजवळ नियम आहे.

आता हिशेब मांडू. ७०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चोवीस तास चालला तर दिवसाला १ कोटी ६८ लाख युनिट वीज देतो. १ किलोवॅटचे सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देते. म्हणजे या एका संचाइतकी वीज सोलरने काढायची तर ४,२०० मेगावॅट बसवावे लागेल. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन धरली तर १७ ते २१ हजार एकर. जमीन नको म्हणून घरांवर बसवायचे ठरले तर ३ किलोवॅटप्रमाणे १४ लाख घरे हवीत. एवढे करूनही ती वीज दिवसाची. संध्याकाळी सातला दिवसपाळी सुटते आणि रातपाळी लागते, तेव्हा सूर्य हजेरी लावत नाही. ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न असा रास्त आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीला देशातली सौरक्षमता १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली, तेव्हा अणुऊर्जेची क्षमता होती जेमतेम ८ हजार मेगावॅट, आणि तीही १९६९ मध्ये तारापूर सुरू झाल्यापासून साडेपाच दशकांत जमवलेली. सोलरचा जोर आला तो गेल्या पंधरा वर्षांत. २०२४-२५ या वर्षात अणुकेंद्रांनी सुमारे ५,६०० कोटी युनिट दिले, सोलरने १४ हजार कोटींच्या वर. गुजरातने २००९ मध्ये सौर धोरण आणले तेव्हा कंपन्यांना पहिली बारा वर्षे युनिटला १५ रुपये कबूल केले होते. डिसेंबर २०२० च्या लिलावात तोच दर १ रुपया ९९ पैशांवर उतरला. रात्रीसाठी बॅटरी जोडलेली सौरवीजही डिसेंबर २०२४ च्या एका लिलावात साडेतीन रुपयांच्या आसपास मिळाली. मेहसाणा जिल्ह्यातल्या मोढेरा गावात तर २०२२ पासून सोलर आणि बॅटरी जोडीने काम करीत आहेत. एक गाव म्हणजे पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत नव्हे, हे मान्य. पण दरवर्षी स्वस्त होत जाणारी वस्तू एकीकडे आणि दरवर्षी लांबणारी वस्तू दुसरीकडे, असा हा सामना आहे.

धोक्याविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो उद्याच स्फोट होईल. घडले ते असे. जून १९९४ च्या मुसळधार पावसात काकरापारजवळच्या तलावाचे पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले. भट्टी त्या वेळी बंद होती, हे आपले नशीब. पुढे ११ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जपानमधल्या फुकुशिमा दुर्घटनेला बरोबर पाच वर्षे झाली त्याच दिवशी, पहिल्या संचातली शीतक नळी फुटून जड पाण्याची गळती झाली. भट्टी आपोआप बंद पडली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तो संच पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडले. त्या काळात सुरतेतल्या किती मराठी घरांना हे नीट समजावून सांगितले गेले? ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडले आणि शहर बुडाले, तेव्हाही धोक्याची सूचना आपल्या वस्त्यांपर्यंत कशी पोहोचली हे ज्यांनी पाहिले, त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे.

म्हणून मला काकरापारच्या भट्टीपेक्षा दिल्लीच्या कागदांची काळजी जास्त वाटते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने 'शांती' नावाचे विधेयक मंजूर केले आणि हे क्षेत्र खासगी कंपन्यांना उघडले. भट्टीचा माल सदोष निघाला आणि अपघात झाला तर पुरवठादाराकडून वसुली करता येईल, अशी जी तरतूद २०१० च्या कायद्यात होती, ती नव्या कायद्यात राहिली नाही. साड्यांच्या मालात डाग निघाला तर पांडेसऱ्यातला व्यापारी मिलवाल्याचे पैसे कापतो. अणुभट्टीच्या बाबतीत मात्र ही साधी व्यवहाराची रीत जड झाली. चालू असलेले सरकारी संच बंद करा, असे मी म्हणणार नाही. ते झालेले भांडवल आहे, धूर न सोडता रात्रंदिवस वीज देत आहे, ते चालू द्यावे. पण नव्या परदेशी भट्ट्यांना माझा विरोध आहे. जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प फ्रेंच कंपनीच्या भरवशावर आखला. तिथे एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला आणि वीज अजून एक युनिटही आलेली नाही. भावनगर जिल्ह्यातल्या मीठी विरडीच्या शेतकऱ्यांनी अमेरिकन कंपनीची भट्टी नको म्हणून ठाम नकार दिला. शेवटी तो प्रकल्प आंध्र प्रदेशात हलवायचे ठरले. गुजराती शेतकऱ्याला जे कळले ते आपल्यालाही कळावे.

इथवर वाचून सोलरचे समर्थक खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावे.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांना आपण विसरलेलो नाही. दोंडाईच्याजवळ आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून जमिनी घेतल्या, पुढे तिथे सोलर करायचे ठरले. पाच एकरांच्या आसपास बागायती जमिनीचे त्यांना साधारण ४ लाख रुपये मिळाले. शेजारच्याला कितीतरी पट जास्त. म्हातारा माणूस कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला ते गेले. सूर्य स्वच्छ असतो, त्याच्या नावाने होणारे भूसंपादन स्वच्छ असतेच असे नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठले, उकाईच्या पाण्याखाली नवापूर तालुक्यातली गावे गेली आणि वर सोलर आले. प्रकल्पाचे नाव बदलते, सात-बाऱ्यावरून नाव मात्र आपल्याच माणसाचे कमी होते.

वाट नाही असे मात्र नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची सोय आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी थोडी वाढ. जमीन नावावर राहते, आणि त्या विजेवर शेतीपंप दिवसा चालतात. गावी ज्यांचे भाऊ रात्री दोनला उठून, हातात बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या भीतीत मोटार चालू करायला जातात, त्यांना दिवसाच्या विजेची किंमत वेगळी सांगायला नको. पडीक जमीन असेल तर भाऊबंदांनी या योजनेची चौकशी जरूर करावी. मात्र पीक देणारी काळी जमीन पॅनलखाली घालू नये, भाडे कितीही गोड वाटले तरी.

आता पांडेसऱ्यातले छत. खान्देशात आपण ज्याला धाबं म्हणतो, त्याला इथले गुजराती बांधवही धाबुंच म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्य घर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये सवलत मिळते. गुजरात या योजनेत आघाडीवर आहे. वेसू-अडाजणच्या बंगल्यांवर निळी पॅनल चमकताना दिसतात. आपल्या ओळींमधून फिरून पाहा, किती दिसतात ते मोजा. वीस खोल्यांच्या चाळीत एक मीटर मालकाचे, बाकी सगळ्यांना आतले छोटे मीटर, आणि मालक सांगेल तो युनिटचा दर. ज्याच्या नावावर मीटर नाही त्याला सवलत नाही. स्वतःचे घर असले तरी प्लॉटचे कागद अर्धवट, वर पत्रा, बाजूला चार मजल्यांच्या इमारतीची सावली. आमच्या ओळीतल्या एका गृहस्थाने मोठ्या हौसेने अर्ज भरला. त्यांना सांगण्यात आले, आधी वडिलांच्या नावाचे मीटर बदलून आणा. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. तो कागद अजून फिरतो आहे.

म्हणजे देशाची वीज स्वस्त होत आहे आणि भाडेकरूची महाग. अणू की सूर्य, या वादात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

(एक गोष्ट जाता जाता. पांडेसऱ्याच्या हवेतली काजळी वीज बदलून लगेच जाणार नाही. डाईंग मिलला विजेइतकीच वाफ लागते आणि ती वाफ कोळशाच्या बॉयलरवर होते. २०१९ मध्ये सुरतेच्या कारखान्यांसाठी धुराच्या कणांवर मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, ते चांगले पाऊल होते. पण त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.)

सुरतेत आपले नगरसेवक आहेत, आमदार आहेत. २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती खाते मिळालेले नवसारीचे खासदारही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. दर निवडणुकीत आपण रांगा लावून मते देतो आणि बदल्यात गणपतीला मंडप परवानगी मागतो. या वेळी मागणे वेगळे असावे. दिल्लीच्या सौर धोरणात ज्याला स्वतःचे छत नाही त्यालाही सामूहिक सोलरमध्ये हिस्सा घेण्याची सोय केली आहे. तशी सोय इथल्या भाडेकरूसाठी व्हावी. मिलच्या प्रचंड शेडवर बसणाऱ्या पॅनलमधला एक वाटा कामगारांच्या वस्तीला जोडावा. चाळीतल्या आतल्या मीटरचा दर वीज कंपनीच्या दराशी बांधला जावा. आणि काकरापारला काही घडले तर काय करायचे, घरात थांबायचे की निघायचे, कोणत्या रस्त्याने, याची सूचना मराठी, हिंदी आणि उडियातही घराघरांत द्यावी.

हे निवेदन तयार करण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या कार्यालयात बसत आहोत. येताना शेवटचे लाईटबिल आणावे. ज्यांना बिल मिळत नाही, घरमालक वहीत लिहून पैसे घेतो, त्यांनी त्या वहीच्या पानाची झेरॉक्स आणावी. अशी पाने जितकी जमतील तितकी आम्हाला हवी आहेत.