थँक्यू म्हणून सुटका नाही

मंडळी, शनिवारची सकाळ आहे, दुसरा चहा चालू आहे. बरेच दिवस राहिलेलं आज लिहून टाकतो.

आमचं गाव तेलगाव, जिल्हा बीड. माजलगावहून धारूरला जाताना लागतं. आमच्याकडं पाण्याची बातमी म्हणजे टँकरची बातमी! त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरात माजलगाव धरणाचे दरवाजे उघडले, सिंदफणेला पूर आला, हे पुण्यात बसून वाचताना आधी चक्क बरं वाटलं. मग एका रात्री गावाकडं वारा सुटला, लाइट गेली आणि आईचा फोन लागेना.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आई एकटी असते म्हणून इन्व्हर्टर, दारावर कॅमेरा, माझ्या फोनवर ॲप, सगळी सोय करून ठेवलेली. त्या रात्री सगळं एकदमच बंद. ॲपवर नुसतं चक्र फिरतंय... ऑफिसातल्या दोस्तांनी साथ दिली, खोटं कशाला बोलू? एकानं माझी रात्रीची ड्युटी घेतली, दुसरा गाडी घेऊन दारात हजर. नंतर त्यांना थँक्यू म्हटलं, पार्टी दिली. फिट्टंफाट.

पहाटे अनोळखी नंबरवरून फोन आला. "आरं, काकूला आमच्या घरी आणलंय. तुमचे पत्रे उडालेत. तू नको निघू, रस्ता बंद हाय." शेजारचा, शाळेतला मित्र. तीन वर्षांत मी त्याला एक फोन केला नव्हता.

हा ऊसतोडीला जातो. गावात साखर कारखाना आहे, तरी उचल घेतलेली असते, म्हणून मुकादम नेईल तिकडं, कधी कोल्हापूर, कधी कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगामभर कोपीत राहायचं. म्हणजे हेच वादळ डिसेंबरात आलं असतं, तर आमची अर्धी गल्ली रिकामी होती. आईला उचलून न्यायला कोण होतं? माझा कॅमेरा?

रस्ता सुरू झाल्यावर गेलो. पाकीट पुढं केलं, तर म्हणाला, "पैशाचं काय करायलास? सोयाबीन कुजायलंय. चार दिस राहून काढू लाग." मी एकच दिवस राहिलो. सोमवारी रिलीज होतं (कुठलं, ते आज आठवतही नाही).

आपण थँक्यू म्हणतो ते बऱ्याचदा हिशोब मिटवायला, असं मला हल्ली वाटतं. गावात सावड असते. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तिथं हिशोब मिटला तर उद्या कुणी यायचंच नाही! आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. नोव्हेंबरात तो तोडीला गेला, तेव्हापासून त्याच्या म्हातारीला रोज संध्याकाळी भाकरी हिच्याकडून. मला फर्मान सुटलं, "तिच्या बीपीच्या गोळ्यांचं तू बघ." बघितलं.

हंगाम संपला, तो परत आला. यावेळी फोन मी केला. गोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "पेरणीला येतूस का? मागचे तीन दिस राहिलेत तुझे."

रजेचा अर्ज टाकलाय. मॅनेजरनं कारण विचारलंय, ते अजून लिहितोय.