पहिली ऑर्डर कोण देणार?

मागच्या महिन्यात नांदेडला लेकीकडे गेलो होतो. नातू म्हणाला, "आजोबा, स्टार्टअपवर कार्यक्रम आहे, चला." गेलो. (घरी बसून टीव्ही बघण्यापेक्षा बरं.) पाऊण तास सत्कारातच गेला. मग एकेक वक्ता उठला आणि तेच पालुपद… आपल्या भागात वातावरण नाही, पुण्यासारखं केंद्र झालं पाहिजे, इमारत पाहिजे, शासनानं लक्ष घातलं पाहिजे. सगळं सभागृह माना डोलावत होतं. मला मात्र चीड आली. ती लातूरला परत आलो तरी उतरली नाही, म्हणून हे लिहितोय.

शासनानं काय कमी केलं हो? उद्योजकता विकास केंद्र औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं) १९८८ पासून आहे. स्टार्टअप इंडिया २०१६ साली आलं, राज्याचं स्टार्टअप धोरण २०१८ साली. योजनांची वाण नाही. वाण आहे ती गिऱ्हाइकाची.

माझा एक विद्यार्थी. नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि पुण्याला न जाता लातूरलाच राहिला. डाळ मिलच्या मोटारीवर ताण आला की मालकाच्या मोबाईलवर निरोप जाईल, असं एक पॅनल त्यानं बनवलं. आमच्याकडे डाळ मिलना काय तोटा! पुण्यातल्या पोराला असली वस्तू विकायला आधी मिल शोधत फिरावं लागेल, ह्याला सायकलवर फिरून गिऱ्हाईक भेटणार. फिरला बिचारा. सगळे म्हणाले, "छान आहे, आधी दुसरीकडं बसव, मग बघू." एकानं बसवून घेतलं. पैसे? "हंगाम होऊ दे." आठ महिने! तेवढ्यात ह्याची उसनवारी संपली, घरातली बोलणी वाढली, आणि एका रात्री पोरगं ट्रॅव्हल्सनं चाकणला गेलं. बोळवायला मीच गेलो होतो. कोणत्या इमारतीनं ते थांबलं असतं, सांगा.

वातावरण म्हणे! अहो, वातावरण कसं तयार करतात ते लातूरनं साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं. पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. ह्या कॉलेजातून आणि दयानंदसारख्या इतर कॉलेजांतून 'लातूर पॅटर्न' उभा राहिला तो काचेच्या इमारतीमुळे नाही. मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी तास घेतले, सराव परीक्षांचे गठ्ठे रात्री जागून तपासले. मग गावही त्यात उतरलं. कोणी खोल्या भाड्यानं दिल्या, कोणी मेस काढली, झेरॉक्सवाला पहाटे दुकान उघडू लागला. परक्या गावच्या लेकराला नापास झालं तर पुन्हा बसायचा धीर घरमालकीण द्यायची. (आता त्याचा बाजार झालाय, हे मलाही कळतं. तो विषय वेगळा.) एका लेकराला मेडिकलला घालायला अख्खं गाव खपतं. त्याच लेकरानं वर्कशॉप काढलं की गाव म्हणतं, "बघू."

आणि भांडवल नाही हे तर सांगूच नका. ओळखीच्या दहा घरांत विचारा. भिशीचा पैसा कुठं गेला? प्लॉटमध्ये. उसाचं बिल? प्लॉटमध्ये. निवृत्तीची रक्कम? माझी स्वतःचीसुद्धा!

उधारीचं बोलतो, कारण खरी मेख तिथं आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं केलं पाहिजे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. २०२३ साली आयकरातही तरतूद झाली की अशी मुदतीबाहेर थकलेली बाकी पैसे देईपर्यंत खर्चात धरता येणार नाही. कायदा चोख आहे. पण पंचवीस वर्षांचं पोरगं गावातल्या बड्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करील का? केली तर उद्या बाजारात त्याला कोण उभं करील? इथं कायदा थकतो आणि गावाची गरज लागते. चार वजनदार माणसांनी "शेठ, त्या पोराचं बिल राहिलंय" एवढं चहा पिता पिता म्हटलं तरी काम होतं. माझ्या मते ह्यालाच उद्योजकांचा समुदाय म्हणायचं. बाकी सत्कार.

हे मी हवेत बोलत नाही. रेल्वेत इंजिनिअर असलेले माधवराव भिडे निवृत्तीनंतर मराठी उद्योजकांना जोडायला लागले आणि सॅटर्डे क्लब उभा राहिला. एकमेकांना काम मिळवून द्यायचं, हा त्याचा गाभा. अमेरिकेत बोल्डर नावाच्या गावावरून ब्रॅड फेल्ड ह्यांनी २०१२ साली एक पुस्तक लिहिलं. नातवानं मला त्याचा सारांश सांगितला. असल्या समुदायाचं पुढारपण धंदा करणाऱ्यांनीच करायचं, सरकार आणि विद्यापीठ पाठीराखे, आणि हिशेब वीस वर्षांचा धरायचा. आमच्या कार्यक्रमात व्यासपीठावर नऊ माणसं होती. त्यांत धंदा करणारा एक, आणि त्याला बोलायला पाच मिनिटं.

आता स्वतःबद्दल. मी तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवली. "शिकला नाहीस तर दुकानात बसशील," हे वाक्य वर्गात किती वेळा बोललो असेन, मोजदाद नाही. समोर बसलेल्यांत दुकानदारांचीच पोरं असायची. धंदा बुडालेल्या माणसाच्या घरी आम्ही सांत्वनालाही जात नाही, लग्नाच्या स्थळांत मात्र त्याची आठवण काढतो. मग पोरं नोकरी धरतात, त्यांना नावं कशाला ठेवायची?

नातवाला मी म्हटलं, पुढच्या कार्यक्रमाला डाळ मिलवाले, आडते, कारखान्याचे खरेदी अधिकारी बोलवा. भाषण एकही नको. प्रत्येकानं आपली एक अडचण सांगायची, आणि जो ती सोडवील त्याला निम्मे पैसे आगाऊ द्यायचे. तो हसला. "आजोबा, कोणी येणार नाही." पहिला फोन मी करतो म्हणालो, व्यापाऱ्यांत माझे विद्यार्थी बक्कळ आहेत.

परवा चाकणहून त्या पोराचा फोन आला होता. त्याचं पॅनल बंद पडलंय, मिलचे मालक रोज फोन करतायत. "सर, दुसऱ्या कुणाला ते उघडता येत नाही. दिवाळीला येईन तेव्हा बघतो म्हणालो."