लोकांच्या पैशातून बनलेली फिल्म कुणाची?

व्हॉट्सॲपवर लिंक येते: ‘या तरुण संशोधकावर डॉक्युमेंटरी काढतोय, हातभार लावा.’ पैसे द्यायचे का?

आरन स्वार्ट्झचं उदाहरण बघा. आरएसएस १.० तयार करणाऱ्या गटात हा पोरगा १४व्या वर्षी होता. ज्ञान सगळ्यांना खुलं हवं, हा त्याचा आग्रह. शोधनिबंध डाउनलोड केल्याचा खटला चालू असताना, जानेवारी २०१३मध्ये, २६व्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं.

त्याच्यावरच्या ‘द इंटरनेट्स ओन बॉय’साठी दिग्दर्शक ब्रायन नॅपनबर्गर यांनी किकस्टार्टरवर ७५ हजार डॉलर मागितले, लोकांनी ९३ हजारांच्या वर दिले. तिथे लक्ष्य हुकलं, तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. पण गाठलं, तरी फिल्म पूर्ण होण्याची हमी किकस्टार्टर देत नाही. म्हणजे ही खरेदी नाही, विश्वास आहे.

इथे तो सार्थ ठरला. २०१४मध्ये फिल्म आली, तीही क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली. त्या लायसन्सच्या तांत्रिक उभारणीत खुद्द आरनचा हात होता. एक पैसाही न दिलेला माणूस ती मोफत डाउनलोड करून शेअर करू शकतो. फक्त धंदा करायचा नाही.

म्हणून पुढची लिंक आली, की गोष्ट वाचून भारावण्याआधी दोन गोष्टी शोधा: लक्ष्य हुकलं तर पैशांचं काय होणार, आणि तयार फिल्म कुणाकुणाला बघता येणार? उत्तरं सापडली नाहीत, तर पाकीट खिशातच राहू द्या.